वसाहत ते कार्यालय : न चालणाऱ्यांना नावे ठेवण्याचे एक प्रकरण

एका संस्थेची कर्मचारी वसाहत आणि तिचे कार्यालय इतके जवळ आहेत की वसाहतीच्या गच्चीवरून कार्यालयाच्या खिडक्या मोजता येतात. तरीही रोज सकाळी वसाहतीतून चारचाकी गाड्यांची रांग निघते, मुख्य चौकातून वळसा घेते आणि कार्यालयाच्या तळघरात जाऊन थांबते. बहुतेक गाड्यांत चालकाशिवाय कोणी नसते. नियमाने चालत येणारे मोजकेच, आणि त्यांत एक विभागप्रमुख आहेत, ज्यांना हे दृश्य अजिबात सहन होत नसे. त्यांनी त्यावर काय केले, त्याचे काय झाले आणि नंतरच्या चौकशीत काय हाती लागले, याची ही नोंद आहे. प्रकरण एकाच जागेचे म्हणून मांडले असले, तरी ते अशा अनेक ठिकाणी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून रचलेले आहे. त्यातल्या व्यक्ती प्रातिनिधिक आहेत. संशोधनाचे दाखले मात्र प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतलेच आहेत.

टोमणा आणि यादी

सुरुवात एका बैठकीत झाली. बैठक उशिरा सुरू झाली, कारण तळघरात गाडी लावायला जागा मिळेना म्हणून तिघे-चौघे अडकून पडले होते. विभागप्रमुख म्हणाले, “दहा मिनिटांचा रस्ता आहे. तेवढं चालायला काय पाय झिजतात का?” सगळे हसले. ज्यांना उद्देशून ते वाक्य होते तेही हसले, आणि त्यामुळे आपले म्हणणे सर्वांना पटले आहे असा विभागप्रमुखांचा समज झाला.

विभागप्रमुखांचा हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगितले पाहिजे. शिवाय त्यांचा अभ्यासही होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. आधीच्या, म्हणजे २०१० च्या सूचनांत ही हालचाल सलग निदान दहा मिनिटांची असावी अशी अट होती. ती अट २०२० मध्ये काढून टाकली गेली. विभागप्रमुखांचा हिशेब सरळ होता : जाऊन-येऊन वीस मिनिटे, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे शंभर मिनिटे. किमान गरजेचा दोन-तृतीयांश वाटा वेगळा वेळ न काढता पदरात पडतो. गाडीविषयीही ते बरोबर बोलत. पेट्रोलच्या गाडीतील धूर शुद्ध करणारे उपकरण साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि दोन-तीन मिनिटांच्या फेरीत ते तापेपर्यंत गाडी बंद झालेली असते. त्यामुळे इतक्या छोट्या फेरीत दर किलोमीटरमागे होणारे प्रदूषण लांबच्या प्रवासापेक्षा कितीतरी जास्त असते. एका कर्मचाऱ्याने आपली गाडी विजेवर चालते असे सांगून यातून सुटका करून घेतली, तेव्हा तळघरातली जागा तर तीही तेवढीच अडवते, असे उत्तर त्याला मिळाले, आणि ते योग्यच होते.

पुढचे पाऊल मात्र चुकले. महिनाभराचा उपक्रम म्हणून सूचनाफलकावर ‘चालत येणारे सहकारी’ अशी यादी लागू लागली. न चालणाऱ्यांची नावे त्यात अर्थातच नव्हती. पण एकमेकांना रोज पाहणाऱ्या माणसांना यादीत कोण नाही हे वाचायला वेळ लागत नाही. पहिल्या आठवड्यात यादी लांबली, दुसऱ्यात आखूड झाली आणि तिसऱ्यात जवळजवळ मूळपदावर आली. दोघे जण कार्यालयाच्या मागच्या गल्लीत गाडी लावून उरलेले अंतर चालत येऊ लागले. कुणाला हा अप्रामाणिकपणा वाटेल. मला त्यात उपक्रमाचा खरा परिणाम दिसतो : गाड्या कमी झाल्या नाहीत, फक्त नजरेआड झाल्या. याच काळात चालणाऱ्यांची थट्टाही सुरू झाली. कुणी दारातून आत आले की मागून आवाज येई, “आले बघा पदयात्री.”

या थट्टेमागचे कारण शोधायला फार खोल जावे लागत नाही. ज्युलिया मिन्सन आणि बेनवा मोनिन यांनी २०१२ मध्ये शाकाहारी व्यक्तींविषयी लोकांना काय वाटते यावर प्रयोग केले. शाकाहारी आपल्याला नैतिकदृष्ट्या कमी लेखतील अशी अपेक्षा ज्यांना होती, ते शाकाहारींविषयी जास्त वाईट बोलत. म्हणजे समोरच्याने तोंड उघडण्याचीही गरज नसते. तो आपल्याला नावे ठेवील एवढा अंदाज पुरतो आणि माणूस आधीच हल्ला चढवून मोकळा होतो. इथे तर अंदाजाचाही प्रश्न नव्हता, कारण नावे ठेवली जात आहेत हे फलकावर लिहिलेले होते.

लेखा विभागातील एका महिला कर्मचाऱ्याने शेवटी लेखी तक्रार केली. तिचे म्हणणे मोजके होते : “मी गाडीने का येते हे मला कोणी विचारलेले नाही. मी चालत येत नाही एवढेच जाहीर केले आहे.” यादी काढली गेली आणि कर्मचारी कल्याण अधिकाऱ्यांना पाहणी करून अहवाल देण्यास सांगण्यात आले.

पाहणीची पद्धत

कल्याण अधिकाऱ्यांनी एक प्रश्न मुद्दाम टाळला, तो म्हणजे “तुम्ही चालत का येत नाही?” या प्रश्नात आरोप आधीच बसलेला असतो, आणि आरोप आला की माणूस कारण सांगत नाही, सबब सांगतो. त्याऐवजी त्यांनी प्रत्येकाकडून मागच्या आठवड्यातल्या सर्व फेऱ्या लिहून घेतल्या : घरातून निघाल्यापासून रात्री परत येईपर्यंत, कुठे, कोणाबरोबर, हातात काय घेऊन. आणि तयार असलेल्यांबरोबर त्या स्वतः चालल्या, ज्याच्या त्याच्या दारापासून आणि ज्याच्या त्याच्या वेळी. अहवालातील उपयोगाचे जवळजवळ सर्व काही या दोन गोष्टींतून आले.

सर्वांत आधी उलगडा झाला तो दहा मिनिटांचा. विभागप्रमुखांचे घर कार्यालयाच्याच बाजूला आहे. त्यांचा रस्ता सुमारे ८०० मीटरचा, झाडांच्या सावलीतून जाणारा, आणि त्यांना मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. ताशी पाच किलोमीटर वेगाने ते अंतर दहा मिनिटांच्या आतच कापले जाते. वसाहतीतील इतर इमारती रस्त्यापलीकडे आहेत. कार्यालयाच्या समोर उघडणारे वसाहतीचे मागचे फाटक सुरक्षेच्या कारणावरून बऱ्याच काळापासून कुलूपबंद होते, म्हणून मुख्य दारातून बाहेर पडून चौकापर्यंत जाऊन परत उलटे यावे लागे. हा रस्ता १,४०० मीटरचा, म्हणजे १७ मिनिटांचा. गाडीने, तळघरात जागा शोधण्याचा वेळ धरूनही, आठ-नऊ मिनिटे लागत. थोडक्यात, “दहा मिनिटांचा रस्ता” हे वाक्य ज्याने उच्चारले त्याच्यापुरते अचूक होते. (विभागप्रमुखांच्याच हिशेबाने इतरांना आठवड्याला १७० मिनिटांचा व्यायाम फुकट मिळाला असता, असे कुणीतरी पाहणीत नोंदवले आहे. ते गंभीरपणे लिहिले आहे की नाही, सांगता येत नाही.)

त्या १,४०० मीटरमध्ये काय काय आहे, हे चालूनच कळते. वसाहतीच्या दारापासून निघालेला पदपथ आधी विजेच्या पेटीपाशी अडतो. पेटी आणि भिंत यांच्यामधून माणूस आडवा होऊन जाऊ शकतो, पण हातात पिशवी असेल तर रस्त्यावर उतरावे लागते. उतरायचे तर कडा गुडघ्याच्या जवळपास उंच. पुढे दर काही पावलांवर एखाद्या इमारतीत गाड्या जाण्यासाठी पदपथ कापून उतार केलेला आहे, म्हणजे चालणारा सारखा चढतो आणि उतरतो, तर गाडीला कुठेही धक्का बसत नाही. मग चौक. रस्त्याची रुंदी १६ मीटर आणि पादचाऱ्यांचा हिरवा दिवा १२ सेकंदांचा. सेकंदाला १.२ मीटर हा सिग्नलच्या हिशेबात पूर्वापार धरला जाणारा चालण्याचा वेग घेतला, तरी पलीकडे पोचायला १३ सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. हा वेग सर्वांना झेपत नाही, हे वाहतूक अभियंत्यांनाही मान्य आहे : अमेरिकेतील वाहतूक नियंत्रणाच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेने २००९ च्या आवृत्तीत तो सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फुटांवर, म्हणजे सुमारे १.०७ मीटरवर आणला. त्या वेगाने या चौकात १५ सेकंद हवेत. गुडघे दुखणाऱ्या आणि सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या व्यक्तीला २० सेकंद हवेत. म्हणजे दिवा लाल होतो तेव्हा ती व्यक्ती दुसऱ्या बाजूच्या मार्गिकेत असते आणि तिच्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाड्यांची इंजिने चालू असतात.

धोका मनाचा खेळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगभरात रस्ते अपघातांत अंदाजे ११ लाख ९० हजार माणसे मरण पावली आणि त्यांत २३ टक्के पादचारी होते. गाडीची धडक ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास बसली तर पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता सुमारे १० टक्के असते, तर ताशी ६८ किलोमीटरला ती ५० टक्क्यांपर्यंत जाते, असे अमेरिकेतील अपघातांच्या विश्लेषणातून २०११ मध्ये मांडले गेले होते. चौकातल्या त्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाड्या कोणत्या वेगाने येतात हे वसाहतीत कोणालाही विचारावे.

कार्यालयाच्या दारात आणखी एक गंमत आहे. गाडीच्या काचेवर संस्थेचे स्टिकर असेल तर आडवा दांडा आपोआप वर जातो. चालत येणाऱ्याला सुरक्षारक्षक थांबवतो, ओळखपत्र पाहतो, नोंदवहीत सही घेतो, आणि मग त्याने गाड्यांच्याच उतारावरून, भिंतीला खेटून, आत जायचे असते. पायी येणाऱ्यासाठी वेगळे दार नाही. विभागप्रमुखांना रक्षक ओळखत असल्यामुळे त्यांना कधी थांबावे लागले नव्हते. या व्यवस्थेत कुणी वाईट हेतूने काही केलेले नाही. इमारत आखताना येणारा माणूस गाडीनेच येणार असे सर्वांनी धरून चालले, एवढेच. अशा धरून चालण्याला इयान वॉकर, ॲलन टॅप आणि एड्रियन डेव्हिस यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्रिटनमधील पाहणीत नेमके पकडले आहे. जिथे इतरांना धूर श्वासात घ्यावा लागतो अशा दाट वस्तीत लोकांनी सिगारेट ओढू नये, या विधानाशी ७५ टक्के लोक सहमत झाले. त्याच वाक्यात सिगारेटच्या जागी गाडी घातली तेव्हा सहमती १७ टक्क्यांवर आली.

फेऱ्यांच्या नोंदींतून दिसलेली माणसे

तक्रार करणाऱ्या महिलेची सकाळ नोंदवहीत अशी दिसते : वसाहतीतून निघून मुलाला कार्यालयाच्या विरुद्ध दिशेच्या शाळेत सोडणे, तिथून कार्यालय, संध्याकाळी वडिलांना घेऊन फिजिओथेरपी, परतताना औषधे आणि भाजी. विभागप्रमुखांनी रोज पाहिला तो या साखळीचा एकच दुवा, वसाहतीच्या बाजूने येऊन तळघरात शिरणारी गाडी. तेवढ्याच तुकड्याला गाडी लागत नाही हे खरे; पण ती गाडी तिथपर्यंत आलेली असते ती आधीच्या आणि नंतरच्या फेऱ्यांसाठी. जवळच्या अंतराला गाडी काढणाऱ्यांविषयी बोलताना ही चूक फार सहज होते, कारण पाहणारा एका ठिकाणी उभा असतो आणि त्याला साखळी दिसत नाही. वाहतुकीच्या आकडेवारीतही अशी फेरी ‘छोटी फेरी’ म्हणूनच मोजली जाऊ शकते.

विभागप्रमुखांच्या स्वतःच्या आठवड्याची नोंदही घेतली गेली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे भरून दिली, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. त्यांच्या घरी एक गाडी आहे आणि ती सकाळी त्यांच्या पत्नीकडे असते, कारण मुलांना सोडणे, आणणे आणि सासूबाईंचे दवाखाने तिच्याकडे आहेत. त्यांच्या हातात येताना काही नसते; लॅपटॉप कार्यालयातच राहतो. रविवारी डोंगरात चालायला जाण्यासाठी मात्र ते बरेच लांब गाडीने जातात. यात लपवण्यासारखे काहीच नाही. परंतु ज्या चालण्याचा दाखला ते इतरांना देत होते, ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी गाडी चालवण्यावर उभे होते, हे त्यांना कागदावर पाहिल्यावरच दिसले.

सर्वांत जास्त टोमणे ज्यांना बसत ते भांडार विभागातले एक ज्येष्ठ कर्मचारी. दिसायला धडधाकट, उभे राहून तासन्‌तास काम करणारे, आणि तरी वसाहतीतल्या वसाहतीत जायचे तरी गाडी काढणारे. त्यांच्या पायांच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत. या आजारात थोडे अंतर चालले की पोटऱ्यांत पेटका आल्यासारखी कळ येते आणि थांबले की काही मिनिटांत ती जाते. त्यामुळे बसलेल्या किंवा उभ्या माणसात काहीच कमी दिसत नाही. त्यांनी हे कोणालाही सांगितले नव्हते; निवृत्ती जवळ आलेली असताना ‘याला आता झेपत नाही’ असा शिक्का त्यांना नको होता, आणि त्यापेक्षा आळशी म्हणवून घेणे त्यांना स्वस्त वाटले. खरी गोष्ट पुढेच आहे. या आजारावर पहिल्या फळीचा उपचार म्हणजे चालणेच : देखरेखीखाली, कळ येईपर्यंत चालायचे, थांबायचे, कळ गेली की पुन्हा चालायचे. हे गृहस्थ रोज संध्याकाळी बागेत ते करत होते, कारण बागेत बाके आहेत. वसाहत ते कार्यालय या १,४०० मीटरमध्ये बसायला एकही जागा नव्हती. म्हणजे ज्यांना चालायला नको म्हणून नावे ठेवली जात होती, ते वसाहतीतल्या अनेकांपेक्षा जास्त नियमाने चालणारे निघाले.

अंधार पडल्यावर परतणाऱ्या एका महिलेने अधिकाऱ्यांबरोबर रात्री साडेआठला तो रस्ता चालून दाखवला. कुंपणाच्या भिंतीलगतचा लांब पट्टा, दोन बंद दिवे, आणि भिंतीमुळे बाजूला वळायला वाव नाही. तिने यावर काही भाष्य केले नाही आणि अहवालातही केलेले नाही. विभागप्रमुख सहाला घरी जातात.

दोष स्वभावाला की परिस्थितीला

मानसशास्त्रात या प्रकाराची चर्चा जुनी आहे. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी १९६७ मध्ये केलेल्या प्रयोगात लोकांना फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. लेखकाला ती बाजू नेमून दिली होती, त्याने निवडलेली नव्हती, हे सांगितल्यावरही वाचणाऱ्यांनी निबंधातले मत काही प्रमाणात लेखकाचेच मानले. परिस्थितीचा रेटा बाजूला सारून कृतीचे खापर स्वभावावर फोडण्याच्या या सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये पायाभूत चूक म्हटले. पण हा सिद्धांत सरसकट लावायलाही माझा विरोध आहे. स्वतःच्या वागण्याचे कारण आपण परिस्थितीत शोधतो आणि दुसऱ्याच्या वागण्याचे स्वभावात, ही जोडीने सांगितली जाणारी कल्पना बर्ट्राम माल यांनी २००६ मध्ये १७३ अभ्यास एकत्र करून तपासली, तेव्हा तो फरक सरासरीत जवळजवळ नाहीसाच झाला. तो प्रामुख्याने नकारात्मक घटनांच्या बाबतीत टिकला. गाडीने येणे ही विभागप्रमुखांच्या नजरेत नकारात्मक घटना होती, म्हणून इथे तो बसतो. कुणी तेवढेच अंतर रोज चालते म्हणून त्याचे कौतुक करताना आपण ‘त्याचा रस्ता बरा असेल’ असे म्हणत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता दुसरी बाजू. पाहणीतल्या प्रत्येकाकडे असे कारण नव्हते, आणि प्रत्येकाकडे असेलच असे मानणे हाही एक प्रकारचा आळस आहे. तंत्र विभागातील एक तरुण अभियंता एकटा राहतो, तब्येतीने ठणठणीत आहे, हातात हलकी पाठपिशवी असते आणि दिवसभरात दुसरी फेरी नसते. नोंदीत त्याने कारणाच्या रकान्यात लिहिले : “किल्ली खिशातच असते.” तो संध्याकाळी व्यायामशाळेत धावपट्टीवर कार्यालयाच्या अंतराच्या कितीतरी पट चालतो, आणि अर्थातच त्यावर सर्वाधिक विनोद झाले. हे विनोद मला फार स्वस्त वाटतात. धावपट्टीला चौक नसतो, घाम आल्यावर अंघोळीची सोय असते आणि तिथे कुणी भोंगा वाजवत नाही. ज्या रस्त्याची वर तपशिलाने पाहणी झाली, त्याच्यापेक्षा धावपट्टी पसंत करणाऱ्याची तऱ्हेवाईक म्हणून गणना करण्याचे कारण नाही. पण त्याला गाडीची गरज नव्हती, हे नक्की.

त्याची गोष्ट सवयीची आहे. बास फरप्लांकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की गाडीची सवय घट्ट असलेले लोक प्रवासाचे साधन निवडताना इतर पर्यायांची माहिती मुळातच कमी शोधतात. सवय अंगवळणी पडली की रोज सकाळी ‘चालू की गाडी काढू’ असा निर्णय होतच नाही. मग न घेतलेल्या निर्णयाबद्दल टोमणा मारून काय होणार? टोमण्याने अपराधीपणा येतो, पण हात खिशातल्या किल्लीकडेच जातो. याच फरप्लांकन यांच्या २००८ च्या अभ्यासात नुकतेच घर बदललेल्या आणि पर्यावरणाची काळजी असलेल्या कर्मचाऱ्यांनी कामावर जाताना गाडी कमी वापरल्याचे आढळले. तितकीच काळजी असलेल्या पण घर न बदललेल्यांत हा फरक दिसला नाही. परिस्थितीत खंड पडला की माणूस पुन्हा विचार करतो.

विभागप्रमुखांच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा त्यांनी कधी मांडलाच नाही, म्हणून तो इथे मांडतो. प्रत्येक गाडी उरलेल्यांचे चालणे अवघड करते. डोनाल्ड ॲपलयार्ड आणि मार्क लिंटेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधील तीन रस्त्यांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,००० गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर राहणाऱ्याला त्या रस्त्यावर सरासरी ३ मित्र आणि ६.३ ओळखीचे लोक होते. सुमारे १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर हे आकडे ०.९ आणि ३.१ होते. अभियंत्याच्या अनावश्यक फेरीमुळे चौकातली गर्दी वाढते, आणि त्या गर्दीमुळे लेखा विभागातली महिला मुलाला एकटे शाळेत सोडू शकत नाही, म्हणून तिचीही गाडी त्याच गर्दीत भर घालते. तेव्हा गाड्यांची संख्या हा टीकेचा रास्त विषय आहे. कोणाची गाडी अनावश्यक, हे मात्र रांगेकडे बघून ओळखता येत नव्हते. अभियंत्याची आणि त्या महिलेची गाडी एकामागोमाग तळघरात उतरत असे आणि बाहेरून दोघेही सारखेच आळशी दिसत.

काय बदलले

अहवालात उपदेश नव्हता. मागचे फाटक सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन तास उघडे ठेवावे, त्याच्यासमोर पादचारी पट्टे आखून घ्यावेत, कार्यालयात पायी येणाऱ्यांसाठी वेगळे दार असावे, लॅपटॉप ठेवायला कपाटे द्यावीत, वाटेवर बाके बसवावीत आणि तळघरातली नावाने राखीव जागा बंद करून गरजेच्या दिवशी आदल्या रात्री मागून घ्यावी, अशी शिफारस होती. शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त आरडाओरडा झाला. राखीव जागा ही सोय राहिलेली नव्हती, तो दर्जा झाला होता. आणि गंमत म्हणजे स्वतःच्या राखीव जागेत कधीच गाडी न लावणारे विभागप्रमुखही आधी थोडे कुरकुरले.

फाटक उघडल्यावर अंतर ७०० मीटरवर आले, म्हणजे साडेआठ मिनिटांवर, गाडीइतकेच. कोणी काही न सांगता पायी येणाऱ्यांत नवे चेहरे दिसू लागले. अभियंत्याची गाडी नेमकी त्याच सुमारास दुरुस्तीला गेली आणि ती परत आली तेव्हा त्याला तळघरात जागा मागण्याचा कंटाळा आला. त्याच्या बाबतीत प्रबोधनाचा वाटा शून्य आहे, असे तो स्वतःच सांगतो. भांडार विभागातले गृहस्थ आता आठवड्यातून काही दिवस फाटकातून येतात, मधल्या बाकावर थांबतात, आणि कोणी विचारले तर फोन आला होता असे सांगतात. लेखा विभागातील महिला पूर्वीप्रमाणेच गाडीने येते. तिच्या साखळीतला एकही दुवा बदललेला नाही, आणि तिने चालत यावे अशी अपेक्षा अहवालातही नाही. चौकातला दिवा १२ सेकंदांचाच आहे, कारण तो संस्थेच्या हातात नाही. अर्ज दिलेला आहे.

विभागप्रमुख अजूनही रांगेकडे बघून नाक मुरडतात, असे त्यांचे सहकारी सांगतात, पण बोलत नाहीत. रात्री साडेआठला परतणाऱ्या महिलेला नव्या व्यवस्थेचा काहीही उपयोग झाला नाही, कारण फाटक सातला बंद होते. ते नऊपर्यंत उघडे ठेवावे आणि भिंतीलगतचे दिवे दुरुस्त करावेत, असा प्रस्ताव गेला आहे, आणि त्यावर विभागप्रमुखांची शिफारस आहे. सुरक्षा विभागाने उलट विचारणा केली आहे की त्या वाढीव दोन तासांच्या रक्षकाचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा.